रेडिओ-नियंत्रित मोटारगाड्या

रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुरून चालविता येणाऱ्या व आपले शक्तिसाधन स्वतःबरोबर वाहून नेणाऱ्या मोटारगाड्यांच्या लहान प्रतिकृती. अशा प्रतिकृती सुट्या भागांपासून स्वतः जुळविणे, त्यांत आपल्या गरजेनुसार व आवडीनुसार फेरफार करणे आणि त्या मोकळ्या जागेत किंवा शर्यतीच्या मार्गावर चालविणे, हा एक यांत्रिक स्वरूपाचा छंद आहे. दुकानात मिळणारे दूरनियंत्रित खेळणे आणि या छंदातील प्रतिकृती यांत महत्त्वाचा भेद आहे. खेळणे सामान्यतः दुरुस्तीसाठी उघडता येईल अशा रीतीने बनविलेले नसते. ते बिघडले की टाकून द्यावे लागते. छंदातील प्रतिकृतीचा प्रत्येक भाग सुटा करता येतो, स्वतंत्रपणे विकत मिळतो आणि त्याच्या जागी दुसरा भाग बसविता येतो. त्यामुळे या छंदात जुळणी व समायोजन ही चालविण्याची केवळ पूर्वतयारी नसून छंदाचा मुख्य भाग होय.

प्रतिकृतीचे प्रमाण गुणोत्तराने सांगतात. १:१० हे प्रमाण सर्वांत अधिक प्रचलित असून या प्रमाणातील रस्त्यावरच्या गाडीची लांबी सु. ४० सेंमी. व चाकांची रुंदी धरून एकूण रुंदी सु. १९ सेंमी. असते. याशिवाय १:१२ (मुख्यतः बंदिस्त सभागृहातील शर्यतींसाठी), १:८ (मोठ्या, विशेषतः इंधनावर चालणाऱ्या गाड्यांसाठी), १:५ (पेट्रोल एंजिनाच्या गाड्यांसाठी) आणि घरातही चालविता येणाऱ्या १:१८ व १:२४ या प्रमाणांतील प्रतिकृतीही मिळतात.

इतिहास : रेडिओ तरंगांनी वाहन चालविण्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका लहान नौकेच्या साहाय्याने करून दाखविले. मात्र पुढील सु. सहा दशके ग्राही व घटमाला यांचे वजन आणि आकारमान एवढे मोठे होते, की लहान मोटारगाडीत ती बसविणे कठीण होते. ट्रँझिस्टरचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली. १९६६ मध्ये इटलीतील एलेट्रोनिका जोकात्तोली या कंपनीने फेरारी २५० एलएम या गाडीची १:१२ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विक्रीस आणली. अमेरिकेत या गाड्यांच्या शर्यतींचे नियम ठरविणारी ‘रोअर’ ही संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. त्या काळातील शर्यतींच्या गाड्या मुख्यतः लहान अंतर्ज्वलन एंजिनावर चालत.

विद्युत् शक्तीवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रसार जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीमुळे झाला. प्लॅस्टिकच्या स्थिर प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने पोर्श ९३४ या गाडीची १:१२ प्रमाणातील प्रतिकृती करताना अभ्यासासाठी खरी पोर्श गाडी विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते. या प्रतिकृतीचे रुंद बाह्यांग रेडिओ-यंत्रणा व घटमाला सामावून घेण्यास सोयीचे असल्याने १९७६ च्या अखेरीस तिचे रेडिओ-नियंत्रित रूप विक्रीस आले. जुळणीची सचित्र पुस्तिका व सर्व सुटे भाग एकाच पेटीत देण्याची पद्धती त्यामुळे या क्षेत्रात रूढ झाली. १९७९ मध्ये याच कंपनीने वाळू व खडबडीत जमीन यांवर चालणाऱ्या ‘सँड स्कॉर्चर’ व ‘रफ रायडर’ या गाड्या काढल्या. त्यांची निलंबन-यंत्रणा फोक्सवॅगन गाडीवर आधारित होती आणि रेडिओ-यंत्रणा पाणी व धूळ आत जाऊ नये म्हणून बंद पेटीत ठेवलेली होती. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागाची अट राहिली नाही व हा छंद अंगणापर्यंत पोहोचला. १९८४ मध्ये तामियाच्या ‘ग्रासहॉपर’ व ‘हॉर्नेट’ या स्वस्त व सोप्या गाड्या निघाल्या; त्याच वर्षी अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीने ॲल्युमिनियमच्या द्रोणाकार सांगाड्याची ‘आरसी १०’ ही शर्यतीची गाडी तयार केली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झालेल्या १:१० प्रमाणातील खडतर मार्गावरच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत दोन चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांच्या गटाचे विजेतेपद याच गाडीने मिळविले.

रेडिओ-यंत्रणा : चालकाच्या हातात प्रेषक व गाडीत ग्राही असतो. प्रेषक बहुधा पिस्तुलाच्या आकाराचा असतो. त्यावरील लहान चाक फिरविले की गाडी वळते आणि चाप ओढला वा पुढे ढकलला की तिचा वेग वाढतो वा ती थांबते. पूर्वीच्या यंत्रणा २७ मेगॅहर्ट्झ, तसेच अमेरिकेत ७५ व ब्रिटनमध्ये ४० मेगॅहर्ट्झ या पट्ट्यांत चालत. प्रत्येक प्रेषकाची कंप्रता त्यातील क्वॉर्ट्झ स्फटिकावरून ठरे आणि ग्राहीत त्याच्या जोडीचा स्फटिक बसवावा लागे. २७ मेगॅहर्ट्झ पट्ट्यातील सहा मार्गांना तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा अशा रंगांच्या खुणा असत. एकाच कंप्रतेचे दोन प्रेषक एकाच वेळी सुरू झाल्यास दोन्ही गाड्या चालकाच्या ताब्यातून जात. म्हणून मैदानात फळीवर रंगीत चिमटे लावलेले असत व ज्याच्याकडे चिमटा असेल त्यानेच प्रेषक सुरू करावा, असा शिरस्ता होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अंकीय यंत्रणा आल्या. त्यांत ग्राही आपल्याच प्रेषकाचा संकेतांक ओळखतो. त्यामुळे अनेक गाड्या एकाच वेळी निर्धास्तपणे चालविता येतात आणि स्फटिकांची गरज उरलेली नाही.

ग्राहीकडून आलेल्या आज्ञेचे यांत्रिक हालचालीत रूपांतर सर्व्हो हा घटक करतो. त्याला दर सु. २० मिलिसेकंदांनी एक विद्युत् स्पंद मिळतो. स्पंदाचा कालावधी १.५ मिलिसेकंद असेल, तर सर्व्होचा दांडा मध्यस्थितीत राहतो. तो १ किंवा २ मिलिसेकंद असेल, तर दांडा एका वा दुसऱ्या बाजूस वळतो. सर्व्होत एक लहान चलित्र, दंतचक्रे व दांड्याला जोडलेला चलरोधक असतो. चलरोधकावरून कळणारी दांड्याची प्रत्यक्ष स्थिती व स्पंदाने सांगितलेली स्थिती यांतील फरक नाहीसा होईपर्यंत चलित्र फिरत राहते.

शक्तिसाधने : (१) विद्युत् : प्रारंभीच्या काळापासून ३६ मिमी. व्यासाचे, ‘५४०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे चलित्र १:१० प्रमाणाच्या गाड्यांत प्रमाणभूत ठरले आहे. चलित्राच्या आर्मेचरावरील तारेचे वेढे जितके कमी, तितकी त्याची गती व विद्युत् प्रवाहाची भूक अधिक असते. पूर्वी वेग बदलण्यासाठी सर्व्होने सरकणारा रोधक वापरीत. त्यात बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. पुढे ट्रँझिस्टरयुक्त इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रक आले. अलीकडे कार्बनी कुंचरहित चलित्रे रूढ झाली असून त्यांत घासणारे भाग नसल्याने झीज कमी होते. घटमाला पूर्वी निकेल-कॅडमियमच्या सहा घटांची, ७.२ व्होल्टची असे. तिच्या जागी प्रथम निकेल-धातू हायड्राइड व नंतर लिथियम-पॉलिमर घटमाला आल्या. लिथियमच्या दोन घटांची मालिका ७.४ व्होल्ट देते व वजनाच्या मानाने कितीतरी अधिक ऊर्जा साठविते.

(२) इंधन : १:८ प्रमाणाच्या गाड्यांत सु. ३.५ घ. सेंमी. क्षमतेचे द्विधाव एंजिन असते. त्याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन व वंगणतेल यांचे मिश्रण होय. ठिणगीऐवजी येथे प्लॅटिनमयुक्त तारेचे तेजपिंड वापरतात. सुरुवातीस ते घटाने तापवितात; त्यानंतर मिथेनॉलाच्या वाफेवर होणाऱ्या प्लॅटिनमाच्या उत्प्रेरक क्रियेने आणि ज्वलनाच्या उष्णतेने तार तापलेली राहते. नव्या एंजिनाचे पहिले काही टाकीभर इंधन जास्त समृद्ध मिश्रणावर व बेताच्या वेगाने जाळावे लागते; या काळात दट्ट्या व सिलिंडर एकमेकांशी जुळतात. येथे घाई केल्यास एंजिनाचे आयुष्य कायमचे घटते. १:५ प्रमाणाच्या गाड्यांत मात्र ठिणगीवर चालणारे पेट्रोल एंजिन असते.

जुळणी : संचात सांगाडा, निलंबनाच्या भुजा, आस, दंतचक्रे, धक्काशोषक, चाके व शेकडो स्क्रू निरनिराळ्या पिशव्यांत असतात. अनुभवी छांदिष्ट एका वेळी एकच पिशवी उघडतो. धातूत बसणाऱ्या स्क्रूंवर ते कंपनाने सैल होऊ नयेत म्हणून चिकटद्रव लावतात. प्लॅस्टिकात बसणाऱ्या स्क्रूंना तो लावीत नाहीत, कारण त्याने काही प्लॅस्टिके ठिसूळ होतात. जपानी संचांतील चौफुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मानकानुसार बनविलेले असतात. नेहमीच्या पेचकसाने त्यांची खाच खराब होण्याचा संभव असतो. धक्काशोषकात सिलिकोन तेल भरताना हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे लागते, कारण हवा दाबली जाते व तेल दाबले जात नाही. बुडबुडा राहिला तर दोन बाजूंचे धक्काशोषक वेगवेगळे वागतात. प्रत्येक सांधा जोडल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली पडतो किंवा नाही हे पाहतात. जो सांधा अडखळतो, तो पुढे मैदानावर कारण न समजणाऱ्या दोषाच्या रूपाने पुन्हा भेटतो.

दंतगुणोत्तर : चलित्रावरील लहान व त्याला जुळणारे मोठे दंतचक्र बदलून गाडीचा स्वभाव सर्वांत सहज पालटता येतो. समजा, लहान चक्राला २० व मोठ्याला ८० दाते आहेत आणि पुढील दंतमालेचे गुणोत्तर २.५ आहे. मग चलित्राच्या १० फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. चलित्र मिनिटाला २०,००० फेरे करीत असेल, तर चाक २,००० फेरे करील. चाकाचा व्यास ६४ मिमी. असल्यास त्याचा परीघ सु. २० सेंमी. येतो व गाडीचा वेग ताशी सु. २४ किमी. होतो. लहान चक्र २५ दात्यांचे बसविल्यास गुणोत्तर ८ होऊन हिशेबाने वेग ताशी सु. ३० किमी. येतो. प्रत्यक्षात हा लाभ फुकट मिळत नाही. चलित्रावरील भार वाढतो, ते अधिक प्रवाह ओढते, तापते व घटमाला लवकर संपते. म्हणून चक्र बदलल्यावर काही मिनिटे गाडी चालवून चलित्राचे तापमान पाहणे, ही समायोजनाची पहिली शिस्त होय.

समायोजन : वळणावर आतील चाकापेक्षा बाहेरील चाकाला अधिक अंतर कापावे लागते, ते साधण्यासाठी डिफरन्शियल ही दंतमाला असते. तिच्यात दाट सिलिकोन तेल भरल्यास दोन चाकांच्या गतींतील फरकाला विरोध होतो, पातळ तेल भरल्यास तो कमी होतो. पुढील स्प्रिंगा मऊ केल्यास सामान्यतः पुढील चाकांची पकड वाढते व गाडी झटकन वळते; मागील स्प्रिंगा मऊ केल्यास मागील पकड वाढून गाडी स्थिर होते. चाकांचा माथा आत कलविणे, मागील चाकांची तोंडे दोन-तीन अंशांनी आत वळविणे, सांगाड्याची जमिनीपासूनची उंची बदलणे, या सर्वांचा परिणाम चालकाला लगेच जाणवतो. तेलाची श्यानता तापमानानुसार बदलत असल्याने थंड सकाळी योग्य ठरलेले समायोजन दुपारी योग्य राहतेच असे नाही.

या कामातील मुख्य नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिची नोंद करावी व परिणाम पाहून पुढे जावे. एकदम तीन बदल करून गाडी सुधारली, तर कोणत्या बदलामुळे ती सुधारली हे कळत नाही. बिघडली, तर परतीची वाट सापडत नाही. नवशिका बहुधा पहिल्या दिवशीच शक्तिशाली चलित्र बसवितो. त्याने मूळच्या दंतचक्रांचे दाते झिजतात, ती बदलली की आस वाकतो, आस बदलला की टायरची पकड अपुरी पडते. यंत्रातील सर्वांत दुबळा दुवा कोणता, हे अशा रीतीने स्वखर्चाने शिकावे लागते. म्हणून बाहेरवाटे, टायर व धक्काशोषक प्रथम आणि चलित्र शेवटी, असा क्रम जाणकार सुचवितात. येथे बाहेरवाटे म्हणजे गोल्यांचे धारवे (बॉल बेअरिंग) होत; अनेक स्वस्त संचांत त्यांच्याऐवजी प्लॅस्टिकच्या वा कांस्याच्या बाह्या असतात.

प्रमाणाचा परिणाम : लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीची सर्वार्थाने लहान आवृत्ती नव्हे. लांबी दहा पटींनी कमी झाली, की आकारमान व वजन हजार पटींनी कमी होते, परंतु गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते. एखादी वस्तू दहापट कमी उंचीवरून पडण्यास लागणारा वेळ दहापट नव्हे, तर १० च्या वर्गमूळाने, म्हणजे सु. ३.२ पटींनी कमी असतो. त्यामुळे लहान गाडीचे उसळणे, कलंडणे व घसरणे खऱ्या गाडीच्या मानाने सु. तिप्पट जलद घडते. चालकाच्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ मात्र बदलत नाही. ताशी ४० किमी. वेगाने जाणारी १:१० प्रमाणाची गाडी ‘प्रमाणानुसार’ ताशी ४०० किमी. वेगाने जाते, असे जाहिरातींत सांगतात. गतिकीच्या दृष्टीने हे बरोबर नाही. उसळी व उड्या यांच्या बाबतीत तिची तुलना ताशी सु. १२६ किमी. वेगाच्या खऱ्या गाडीशी करणे अधिक योग्य ठरते. शिवाय चालक गाडीत नसून दूर उभा असतो. गाडी त्याच्याकडे येत असताना तिचा उजवा भाग त्याच्या डावीकडे असतो. हा उलटा विचार अंगवळणी पडेपर्यंत अपघात चुकत नाहीत.

बाह्यांग व रंगकाम : शर्यतीच्या गाड्यांचे बाह्यांग पातळ व पारदर्शक पॉलिकार्बोनेटाचे असते. ते आघाताने वाकते, पण सहसा फुटत नाही. त्याला रंग आतून देतात. त्यामुळे घसटीने रंग जात नाही, परंतु कामाचा क्रम उलटा होतो : बाहेरून सर्वांत वर दिसावयाचे पट्टे व अक्षरे प्रथम आणि पार्श्वभूमीचा रंग शेवटी द्यावा लागतो. खिडक्यांवर आधीच चिकटपट्टी लावतात. या प्लॅस्टिकासाठी लवचीक राहणारे खास रंग असतात. साधा रंग पहिल्याच धडकेत सोलून निघतो. प्रदर्शनीय गाड्यांचे बाह्यांग मात्र कठीण प्लॅस्टिकाचे असून त्याला बाहेरून रंग देतात. दिवे, आरसे, चालकाची मूर्ती, गंजाचा आभास अशा तपशिलांवर काही छांदिष्ट अनेक महिने काम करतात. अलीकडे त्रिमितीय मुद्रणामुळे बाजारात न मिळणारे भाग घरी तयार करता येऊ लागले आहेत.

प्रकार व शर्यती : डांबरी वा गालिच्याच्या मार्गावरील गाड्या, मातीच्या मार्गावर उड्या मारणाऱ्या बग्ग्या, मोठ्या चाकांचे ट्रक, कठीण टायरांवर मुद्दाम घसरत नेण्याच्या गाड्या आणि खडकांवरून सावकाश चढणाऱ्या गाड्या असे अनेक प्रकार आहेत. शेवटच्या प्रकारात वेगाला महत्त्व नसते. डिफरन्शियल जखडून टाकलेले असते व अधिक वेढ्यांचे, मंद गतीचे चलित्र वापरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियंत्रण ‘इफमार’ ही संघटना करते. तिच्यात जगातील चार प्रादेशिक संघटना सामील आहेत. इंधनावर चालणाऱ्या १:८ प्रमाणाच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झाली. जपानचे मासामी हिरोसाका यांनी विविध गटांत मिळून १४ जागतिक विजेतेपदे मिळविली आहेत. भारतात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत विद्यार्थ्यांनी जुळविलेल्या अशा गाड्यांच्या शर्यती होतात.

सुरक्षितता : लिथियम-पॉलिमर घट अतिभारित झाल्यास, टोचला गेल्यास वा चिरडला गेल्यास पेट घेऊ शकतो. त्याचा दाब पूर्ण भारित अवस्थेत ४.२ व्होल्टपेक्षा अधिक होऊ देऊ नये व वापरताना सु. ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. साठवताना तो सु. ३.८ व्होल्ट ठेवावा. घटमाला त्यासाठीच बनविलेल्या, प्रत्येक घटाचा दाब समान राखणाऱ्या भारकाने, देखरेखीखाली व ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर भारित करावी. फुगलेली घटमाला पुन्हा वापरू नये. मिथेनॉल विषारी असून त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही. नायट्रोमिथेनाचा स्फोटके बनविण्यासाठी दुरुपयोग होण्याचा संभव असल्याने युरोपीय संघात फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सर्वसामान्यांना परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गाडी सुरू करताना आधी प्रेषक व मग ग्राही चालू करावा आणि बंद करताना याच्या उलट क्रम पाळावा. अन्यथा आज्ञेविना राहिलेली गाडी अचानक धावू शकते. दीड किलोग्रॅम वजनाची वेगवान गाडी पायाला गंभीर इजा करू शकते. म्हणून ती रहदारीच्या रस्त्यावर वा गर्दीत चालवू नये.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात जुळवून तयार असलेल्या गाड्यांची विक्री पुष्कळ वाढली आहे. पेटी उघडून घटमाला भारित केली की त्या धावतात. त्यामुळे छंदात येणे सोपे झाले. परंतु स्वतः न जुळविलेली गाडी प्रथम मोडते, तेव्हा तिच्या मालकाला ती कोठून उघडावी हेही ठाऊक नसते आणि पुष्कळांचा छंद तेथेच संपतो. दुसऱ्या बाजूस जुन्या संचांना पुन्हा मागणी आली आहे. तामियाने ‘हॉर्नेट’ २००४ मध्ये आणि असोसिएटेडने ‘आरसी १०’ २०१३ मध्ये पुन्हा विक्रीस आणली. लहानपणी ज्यांनी या गाड्या जुळविल्या वा केवळ दुकानाच्या काचेतून पाहिल्या, असे प्रौढ लोक त्या आता आपल्या मुलांबरोबर जुळवितात. खऱ्या मोटारगाडीची यंत्रणा दिवसेंदिवस झाकणांखाली व संगणकीय नियंत्रणाखाली जात असताना दंतगुणोत्तर, निलंबन व डिफरन्शियल हाताने उघडून, बदलून आणि परिणाम पाहून समजून घेण्याची संधी या लहान गाड्यांत अजून शिल्लक आहे. या छंदाचे शैक्षणिक मूल्य मुख्यतः त्यातच आहे.